निळं पिंप पाठवते आहे

ती. मोठ्या जाऊबाईंना,

धाकटीचा नमस्कार. गुडघा सुजलाय म्हणून वाकून नाही, बसल्या बसल्याच केलाय, पण मनापासून आहे असं समजा. तुमची कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का, की खोकला आणि विडी दोन्ही जोडीने चाललंय? इकडे सगळे बरे आहेत. हे पत्र भाजीचा टेम्पोवाला आणून देईल आणि सोबत आमचं मोठं निळं पिंप उतरवेल. ते तुम्हाला भेट. ठेवून घ्या, आढेवेढे घेऊ नका. आम्हाला आता त्याची गरज नाही. का नाही ते लिहिते, मध्येच झोपू नका.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की माझं काम सुटलं तर आम्ही चौघं, म्हणजे मी, हे, पोरगी आणि सासूबाई, सामानासकट तुमच्याकडे राहायला येऊ. (ह्यांचं दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली, घर माझ्याच कामावर चालतं, तुम्हाला नवीन सांगायला नको.) तुम्ही उत्तर धाडलंत की या, घर तुमचंच आहे. पण लिहिताना पेन कागदात इतकं रुतलं होतं की मागच्या बाजूने बोट फिरवून वाचता आलं. तर पहिली बातमी ऐका. आम्ही येत नाही. काम टिकलं. आता सोडा श्वास. मीही सोडलाय.

मी जिथे फरशी पुसते तो कारखाना समुद्राचं खारं पाणी ओढतो, नळ्यांतून दाबतो आणि गोडं करून शहराला देतो. (गोडं म्हणजे साखरेचं नव्हे. भाऊजींना नीट सांगा, मागे त्यांनी चहाचं विचारलं होतं.) बांधला कंपनीने, चालवायचा कंपनीने, पाणी घ्यायचं नगरपालिकेने, आणि पंचवीस वर्षांनी सगळं नगरपालिकेच्या ताब्यात, असा करार. कराराचं पुस्तक उशीएवढं जाड. एक प्रत कंपनीच्या वकिलाकडे, एक नगरपालिकेच्या अधिकाऱ्याकडे. दोन्हींवरची धूळ रोज मीच पुसते, म्हणजे त्या पुस्तकांना त्यांच्यापेक्षा माझा हात जास्त लागलाय. त्यात एक अट अशी की कारखाना सलग तीस दिवस न थांबता चालला पाहिजे आणि पाणी घराघरात वापरलं गेलं पाहिजे, उगाच समुद्रात परत सोडलेलं धरायचं नाही. तीस दिवस झाले की सह्या, आणि आम्ही पुसणारी, चहावाली, पहारेकरी अशी अकरा माणसं कायम. तासभर जरी थांबला तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. पहिल्या खेपेला एकोणिसाव्या दिवशी समुद्रातून जेलीफिश आले, ते बुळबुळीत पिशव्यांसारखे असतात ना, ते जाळीला येऊन चिकटले आणि झालं, सगळं ठप्प. तेव्हा कंपनीला कर्ज देणाऱ्या बँकेचा माणूस सांगून गेला की ही दुसरी खेप शेवटची, आता अडलात तर कुलूप लावा.

सव्विसाव्या दिवसापर्यंत जेलीफिश नाही, काही नाही. सत्ताविसाव्या दिवशी सकाळी मी संगणकाच्या पडद्यांच्या खोलीत पुसत होते, तर नखंखाऊ (आमचा मोठा इंजिनियर, अंगठ्याचं नख आता उरलेलं नाही) पडद्याकडे बघून पांढरा पडला. शहराची टाकी काठोकाठ येत होती. कारखाना पाणी देतोय आणि शहर घेतच नाहीये. टाकी भरली की यंत्र आपोआप थांबणार, संध्याकाळपर्यंत वेळ. लगेच वकील आणि अधिकारी आपापली पुस्तकं घेऊन हजर. वकील म्हणे पाणी घेणं नगरपालिकेवर बंधनकारक आहे, हे बघा पान. अधिकारी म्हणे आम्ही घेतो, पण लोकांच्या वतीने आंघोळी करू असं कुठे लिहिलंय, दाखवा पान. दोघं थुंकी लावून पानं उलटतायत आणि मी त्यांच्या पायाखालून फडकं ओढतेय. नखंखाऊ आपला एकच पाढा, माणशी एवढं पाणी लागतंच, हिशेबात चूक नाही, मग पाणी जातंय कुठे.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, साहेब, कुठेही जात नाहीये, ते आमच्या पिंपांत आहे. जाऊबाई, तुम्ही विहिरीकाठच्या, तुम्हाला कळायचं नाही. बारा वर्षं आम्ही टँकरच्या मागे घागरी घेऊन धावलोय. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी, भांड्यांच्या पाण्यात फरशी, फरशीचं पाणी संडासात. नळ आला तसं घरोघरी पिंपं, घागरी, कुकर, पोरांच्या बाटल्या, सगळं भरलं, वर झाकणं ठेवली, नळ घट्ट बंद केला आणि वापरायचं पूर्वीसारखंच, अर्धा तांब्या. भरलेलं कोणी मोडेना. मीसुद्धा. पुस्तक लिहिणाऱ्यांनी सगळं लिहिलं, भूकंप लिहिला, दंगल लिहिली, पण बायका पाणी उघडणार नाहीत हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मग मला नगरपालिकेच्या कचरागाडीत बसवून भोंग्यासकट गल्लीत पाठवलं. त्या गाडीला बारा वर्षं एकच वाजवायचं ठाऊक, पाणी जपून वापरा. ते बंद कसं करायचं हे ड्रायव्हरलाही माहीत नाही. तर भोंगा ओरडतोय पाणी जपून वापरा, आणि मी खिडकीतून डोकं काढून ओरडतेय पाणी ओता. बायका दारात आल्या, हसल्या आणि होतं नव्हतं तेही झाकून आत गेल्या. त्यांना वाटलं उद्यापासून पाणी बंद. शेजारची शिवणवाली तर म्हणाली, हिला ओतायला सांगायला काय जातंय, हिचं स्वतःचं पिंप बघा, कडेपर्यंत भरलेलं आहे.

खरं होतं ते. मग मी खाली उतरले, सगळ्यांसमोर आमचं निळं पिंप ओढत दारात आणलं, झाकण काढलं, तांब्या बुडवला. आणि हात काही वाकडा होईना. अकरा जणांचं काम, पोरीची शाळा, तुमचं घर, सगळं डोळ्यासमोर दिसतंय, तरी स्वच्छ पाणी गटारात ओतायला मन धजेना. तेवढ्यात सासूबाई भिंत धरत बाहेर आल्या, पायरीवर बसल्या, साडीनिशी, आणि म्हणाल्या, "वाया कशाला घालवतेस? माझ्यावर ओत."

ओतलं. पहिल्या तांब्याला त्या दचकल्या, दुसऱ्याला डोळे मिटले, तिसऱ्याला म्हणाल्या, "मोजू नकोस गं." जाऊबाई, बारा वर्षं मी त्यांना अर्ध्या बादलीत आंघोळ घातली, केसांचा साबण कधी पुरता निघाला नाही. त्या दिवशी पाणी पायरीवरून थेट रस्त्यापर्यंत गेलं आणि त्या लहान पोरीसारख्या पाय आपटत हसत होत्या. मी रडले नाही, तोंडावर शिंतोडे आले होते. शिवणवालीने ते पाहिलं आणि आत जाऊन स्वतःच्या सासऱ्यांना घेऊन आली. मग समोरची, मग वरच्या मजल्यावरची. दुपारपर्यंत गल्लीतली सगळी म्हातारी माणसं पायरीपायरीवर निथळत बसली होती, गोधड्या धुतल्या जात होत्या, नळ सगळे उघडे, आणि भोंगा आपला सांगतोय पाणी जपून वापरा. एका गल्लीचं बघून दुसरी, तिचं बघून तिसरी. टाकी उतरली. यंत्र थांबलं नाही.

तिसाव्या दिवशी सह्या झाल्या. वकील म्हणाला आमच्या कलमामुळे झालं, अधिकारी म्हणाला आमच्या. नखंखाऊने मात्र मला बोलावून स्वतःच्या हाताने कायमचा कागद दिला. मी एकेक अक्षर लावून वाचला आणि मगच सही केली. त्याच दिवशी मी गल्लीत जाहीर केलं की आता आमच्या घरात पाणी साठवणार नाही, पिंप जाऊबाईंना देऊन टाकते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणून ही भेट. तब्येत सांभाळा, भाऊजींची विडी लपवा.

तुमची,
धाकटी

ता. क. पिंपात धान्य भरू नका, वास लागतो. भोकही पाडू नका. नुसतं स्वच्छ, उपडं ठेवा. पंचवीस वर्षांचा करार आहे खरा, पण जेलीफिशनी त्यावर सही केलेली नाही.

ता. क. दुसरा. खरं तर तुमच्या मागच्या अंगणात त्याला ऊन लागेल आणि ते तडकेल.

ता. क. तिसरा. टेम्पो अजून गेलेला नाही. मी पिंप उतरवून घेतलंय. मोरीच्या मागे आहे, वर चादर टाकली आहे, भरलेलं आहे. सासूबाईंनीच चादर काढून दिली. तुमचं पत्र इथे शिवणवाली सगळ्या गल्लीला मोठ्याने वाचून दाखवते, म्हणून एवढं करा, उत्तरात पिंप पोचलं असं लिहा. आणि फार छान आहे असंही लिहा.