पाकिटं नऊ ते वीस

४ ऑक्टोबर
ताई झाडांची कुळं तपासते — पानांवरून, प्रयोगशाळेत. आज तिचा गुडघा रुसला, म्हणून नदीअलीकडच्या रानात पानं आणायला मी गेलो. वीस झाडं, दोन झाडांत निदान पन्नास पावलं अंतर, प्रत्येकाचं वेगळं पाकीट — असा हुकूम! आठ झाली. मग चढ, काटे, ऊन. नऊ ते वीस एकाच डिंकाच्या झाडावरून तोडली आणि अंतरं सावलीत बसून लिहिली. ब्रह्मदेवाला एकाचे अनेक करायला कल्प लागला. मला पाऊण तास.

५ ऑक्टोबर
ताई वही चाळून म्हणाली, "वार्ताहर असून नोंदी चक्क वाचता येतात की रे!"

११ नोव्हेंबर
हे मला ठाऊकच नव्हतं. दोन रानांपैकी एकच राखणार — अलीकडचं किंवा पलीकडचं. दुसऱ्यात खडीची खाण. ज्यातली झाडं आपसांत जास्त वेगळी, ते राहणार.

ताईने जेवताना समजावलं. रानाचा तुकडा एकटा पडला, मधमाश्या बाहेर जाईनाशा झाल्या, की झाडं भाऊबंदांतच सोयरिकी करतात. पोरं कमकुवत. एक रोग आला की सगळी आडवी.

"मग अलीकडचं?"

"विसांत बारा एकच निघाली."

ताटात बोटं फिरवत राहिलो.

१२ नोव्हेंबर
सांगायचं होतं. नाही सांगितलं.

२० नोव्हेंबर
ताईने अहवालावर सही केली. पलीकडचं राहणार. संपादक म्हणाले, "बातमी तुमच्या घरातच आहे, लिहून टाका!" लिहिली. चारशे शब्द, अनुस्वारसुद्धा जागच्या जागी. काही वाटेल म्हणून थोडा वेळ थांबलो. वाटलं नाही.

३ डिसेंबर
अलीकडच्या रानात यंत्रं लागली. बातमीसाठी जावं लागलं. लाकूडतोड्या ओरडला, "ओ साहेब, बाजूला व्हा, अंगावर येईल!" झालो बाजूला. माझं झाड पडणाऱ्यांतलं कोणतं, ओळखूही आलं नाही. घरी येऊन बुटाला लागलेला डिंक सुरीने खरवडला. जेवलो. झोप लागली — हेच जरा विचित्र.

६ डिसेंबर
सकाळी ताईला सगळं सांगितलं. ती चष्मा पुसत होती. पुसत राहिली.

"ठाऊक आहे. एका मुळातून फुटलेली झाडं जवळजवळ असतात, गाढवा. तुझी बारा सहाशे पावलांत पसरलेली! निकाल हातात आला त्याच दिवशी कळलं."

"मग सही कशी केलीस?"

"पलीकडच्या रानात मी सव्वीस वर्षं घातलीत." चष्मा चढवला, माझ्याकडे बघितलं नाही. "तुझी पहिली आठ खरी होती ना? तेवढ्यांवरूनच दिसत होतं. अलीकडचं सरस होतं."