तिसऱ्या माठाची चव

लातूर,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

प्रिय लता,

बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं तुझ्या सासूबाईंचं कार्ड पोचलं. मुलगा सावळा आहे हे त्यांनी दोनदा लिहिलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. तू जन्मलीस तेव्हा करपलेल्या भाकरीसारखी दिसायचीस, पुढे निवळलीस. दुसरं बाळंतपण असलं म्हणून काय झालं, मी नांदेडला यायला हवं होतं. का आले नाही ते पुढे लिहिते. मग रागवायचं तर खुशाल रागव.

परवा आपल्याकडे दवाखान्यासाठी घातलेल्या द्राक्षासवाचे माठ उघडले. तुला आठवतं ना, माठ उघडायचे म्हणजे घरात सणच असायचा. कणगीतल्या भुशातून माठ वर काढायचे, तुझ्या अप्पांच्या डोळ्यांना उपरणं बांधायचं आणि त्यांच्या तिघा दोस्तांनी एकेक वाटी हातात देऊन त्यांची परीक्षा घ्यायची. एक घोट घेतला की हे सांगायचे, गूळ कुठला, पाणी कुठल्या विहिरीचं, मनुका जुन्या की नव्या. एकदा रेणापूरच्या शेषेरावांनी गुपचूप वाटीत शिंदी ओतली, तर ह्यांनी ती कुठल्या बनातली तेही सांगितलं आणि कचेरीतल्या पेशकार हुसेनसाबांनी कपाळावर हात मारला. तू परकरातली पोर, मलाही बांधा म्हणून हट्ट धरून बसलीस आणि तिन्ही वाट्या बरोब्बर ओळखल्यास. लतीला माझी जीभ आहे, असं हे गावभर सांगत फिरले. मी मात्र लेकीला दारूची परीक्षा शिकवता म्हणून भांडले होते.

वैशाखात त्यांना मुदतीचा ताप आला होता हे तुला ठाऊक आहे. ताप उतरला, माणूस हिंडू-फिरू लागला, पण नाक आणि जीभ दोन्ही त्या तापानं नेली. हे त्यांनी मला सांगितलं नाही. आमटीत चिमूटभर मीठ जास्त पडलं की दोन दिवस ऐकवणारा हा माणूस. एकदा मी मीठ घालायलाच विसरले तर निमूट जेवून उठला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम घातलं नाही. त्यांनी आमटी मागून घेतली, वर छान झाली म्हणाले. मी चुलीपुढे बसून रडले. काढा किती आटला, आसव निवळलं की आंबलं, हे ज्यानं जन्मभर जिभेवर जोखलं, त्या वैद्याला कसं विचारायचं की तुमची जीभ कुठे गेली? मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. एका घरात राहून आम्ही दोघं लपवाछपवी करत राहिलो.

यंदा लढाईमुळे मनुका मिळेनात. हुसेनसाबांनी हैदराबादेहून कुणाकुणाला सांगून आणवल्या, म्हणून तीन माठ तरी घातले गेले. परवा सकाळी भुसा काढताना मला दिसलं, तिसऱ्या माठाच्या तोंडावरची माती तडकली होती. फडकं जरा उचललं तर नाकात झणका गेला. आसव आंबून त्याचा शिरका झाला होता. हे तिथेच उभे होते. वाकून वास घेतला आणि वा म्हणाले. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. हा माठ बिघडलाय म्हटलं असतं तर बाकीचंही सगळं सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी तिघे जमले. शेषेराव, हुसेनसाब आणि रेणुकादास गुरुजी. ह्यांनी उपरणी काढली आणि जाहीर केलं, की यंदा माझी परीक्षा नाही, तुमची. तिघांचे डोळे बांधले. एकमेकांची तोंडं दिसली नाहीत म्हणजे जो तो खरं बोलेल, असा त्यांचा हिशेब होता. मला लगेच कळला. त्यांना दोस्तांची जीभ उसनी हवी होती. हसत, थट्टा करत, हातात कंदील धरून एकेकाला विचारत होते.

पहिले दोन माठ चांगलेच उतरले होते, तिघांनी मनापासून वाखाणले. मग तिसरी वाटी फिरली. गुरुजींनी गिळताना धोतराचा सोगा मुठीत धरला. हुसेनसाबांचा घोट बराच वेळ तोंडातच राहिला. ह्यांची जीभ गेल्याचं त्या तिघांनाही कळलंय, लता. कधी आणि कसं ते मला ठाऊक नाही, पण दोस्तांपासून काय लपतं? आधी शेषेरावच बोलले.

"वैद्यबुवा, हे तर लई भारी साधलंय. असं कवा झालं न्हाई."

बाकी दोघांनी त्याचीच री ओढली. मग ह्यांनी कंदील माझ्याकडे वळवला. माझ्या डोळ्यांना तर काही बांधलेलं नव्हतं. त्यांनी नुसतं पाहिलं आणि मी मान डोलावली.

पाहुणे गेल्यावर त्यांनी तिसऱ्या माठातली एक बाटली भरली, बुचावर लाख लावली आणि पाठमोरेच म्हणाले, "ते तिघं दोस्त आहेत, तू बायको आहेस. लतीला पाठवतो. ती सांगेल." म्हणजे मला कळलंय हे त्यांना कळलंय. मी कंदील पुसत बसले.

शेषेराव सोमवारी कोर्टाच्या कामानं नांदेडला येतील, बाटली घेऊन. बोटभर जिभेला लाव, बाकीचं ओतून दे, बाळंतिणीनं ते पिऊ नये. मग खरं लिही. तुझं पत्र वाचून हे दवाखान्याला कडी लावतील आणि ओट्यावर नुसते बसून राहतील, हे मला आत्ताच दिसतंय, आणि मला त्याचं फार भय वाटतंय. वैशाखापासून मला ह्यांना एकटं सोडवत नाही, म्हणूनच मी येऊ शकले नाही. तरी खरंच लिही, नाहीतर उद्या तिसऱ्या माठातलं कुणा दुसऱ्या बाळंतिणीला जाईल. फक्त पत्र त्यांच्याच नावानं घाल. माझ्या नावानं घातलंस, तर लती काय म्हणते म्हणून हे मला विचारतील, आणि मी पुन्हा मान डोलावीन.

तुझीच,
आई