पिवळी राहिलेली वाटी

सांगायला काय धाड भरली होती तुला? साऱ्या शिनोलीच्या बायका पोटातलं तुझ्यापाशी ओकायच्या आणि तू स्वतःचं म्हणून एक अक्षर काढलं नाहीस. तुला शेवटची आंघोळ घालताना चोळीच्या आत लाल चिंधी निघाली. चुलती म्हणाली, रक्त आहे. मी वास घेतला, तर हळद-चुन्याचा लेप. त्याखाली लिंबाएवढी गाठ, दगडासारखी. किती दिवस बांधत होतीस कुणास ठाऊक. तेव्हा माझ्या कडेवर लेकरू होतं, आता नातवंडं कमावती झाली, पण तो राग काही उतरत नाही, आई.

आज लिहायला बसले कारण जीव एका जागी ठरत नाही. मोबाईल समोर फडताळात ठेवलाय. वाजला की उठून बघावं, तर कर्ज घेता का म्हणून कुणी बाई हिंदीत विचारत असते. माझी अक्षरं चौथीपर्यंतची. तुला तर तेवढीही येत नव्हती, म्हणजे हे वाचून दाखवायला तिकडं कुणाला तरी गाठावं लागेल. असो.

थोरली नात पुण्याहून आली होती. कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "दिसभर त्या डब्यात डोकं घालून करतीस तरी काय?" तर म्हणाली, "आजी, जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, असे चार दवाखाने आहेत. काही बायका छातीतली गाठ घेऊन एकीकडं जातात, गोळ्या खातात, मग दुसरीकडं जातात. ही आधी कुठं जाऊन आली ते कुणाला कळत नाही. चारही ठिकाणी गेलेल्या तेवढ्या बायका आम्हाला शोधायच्यात, म्हणजे वेळेत तपासायला बोलावता येईल. पण एका डॉक्टरनं आपल्या बायका दुसऱ्याला दाखवायच्या नाहीत. मला पण नाही. ज्याची त्याची नावं अशी गिचमिड करून घ्यायची की कुणाला वाचता येऊ नयेत, आणि त्या गिचमिडीतूनच चौघांकडं सारखी असतील तेवढीच बाहेर काढायची."

"त्यात काय नवाल," मी म्हटलं. "माजी आई वाट्यांवर करायची."

मग तिला तुझी हळद सांगितली. लग्नाची हळद दळायला पाच घरच्या सवाष्णी लागायच्या, आणि पाचही जणींना चालेल असा दिवस लागायचा. पण आपले बाजूला बसायचे दिवस कधी आहेत हे चारचौघींत कोण बोलणार? सासूला कळलं की गल्लीला कळलं. म्हणून तू कोठीच्या खोलीत पुढच्या एकेका दिवसाची एकेक वाटी मांडायचीस, प्रत्येकीत हळदीचं पाणी, आणि शेजारी चुन्याची डबी. एकेकीनं एकटीनं आत जायचं. जो दिवस आपल्याला चालत नाही त्या वाटीत चुना टाकायचा, पाणी लाल. दिवस अडो न अडो, बोट मात्र प्रत्येकीनं चुन्यात बुडवायचंच, म्हणजे बाहेर येताना सगळ्यांची बोटं पांढरी. शेवटी जी वाटी पिवळी राहील तो दिवस.

नात शेंग सोलायची थांबली. म्हणाली, "पण आजी, पहिलीनं काय केलं ते दुसरीला दिसतंच की." पोरगी हुशार आहे, तुझ्यावर गेलीय. मी म्हटलं, "म्हणून तर आई आधी सोता आत जायची आन् दोन-तीन वाट्या उगाच लाल करून यायची. कुनाची लाली कुनाची, कळंल का मग?"

"पण त्यात चांगला दिवस फुकट जात असणार."

"जायचा. दिसाला काय तोटा!"

दोघीही हसलो. मग मी सहज विचारावं तसं विचारलं, "तुज्याकडं बाईनं नाव खोटं दिलं आसंल तर?" ती म्हणाली, "ते धरलंय आम्ही. कुणी माहेरचं सांगतं, कुणी सासरचं. म्हणून फोन नंबरावरनं जुळवतो. जुळला की एक बाई डॉक्टर आहेत, फक्त त्यांनाच कळतो. त्या स्वतः फोन करणार, ह्याच आठवड्यात."

शेंग माझ्या हातातच राहिली.

आई, मी त्या चारही ठिकाणी गेलेय. भाचीला बघायला म्हणून, बांगड्या भरायला म्हणून, यष्टीनं, एकटी. जुन्नरला सासरचं नाव सांगितलं, घोडेगावला माहेरचं, मंचरला जावेचं, आणि नारायणगावात काही सुचेना तर तुझं. कुठल्याशा कागदावर सही घेतली, तो मी वाचते होय! नावं चार झाली, पण नंबर मला एकच पाठ. तिथंच घोडं पेंड खातंय.

तेव्हापासून तुझ्या वाट्या डोक्यातून जात नाहीत. लाल कुणी केल्या ते कुणाला कळत नव्हतं, खरं. पण पिवळी राहिलेली साऱ्यांना दिसायची. तिच्यासाठीच तर सगळा खटाटोप. झाकायचं ते बाकीच्यांना. जी सगळीकडं आहे ती उघडी पडणारच, नात काय नि तू काय, कुणाला ते टाळता यायचं नाही. मोबाईलमधलं कार्ड काढून विहिरीत टाकावं असंही मनात आलं. आता मोबाईल माझा म्हणायचा, पण वाजला की जवळ असेल तो उचलतो.

मघाशी वाजला. सून आतून ओरडली, "आत्या, घेऊ का?"

"हात तर लावून बघ!"

"आसा कुनाचा हाय यवढा?"

"यमाचा."

ती फिदीफिदी हसली. तो वाजून वाजून थांबला, आणि मी बसल्या जागची हलले नाही. मग उठून बघितलं, नंबर हिंदी बाईचा नव्हता.

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून लिहिते. चिंधी मीही बांधत होते, हळद-चुन्याचीच. आज सकाळी सोडून न्हाणीत धुतली, पाणी लालभडक गेलं. आता तो पुन्हा वाजेल. सुनेला, लेकाला, सगळ्यांना बजावलंय आणि तुलाही सांगते, ह्या खेपेला गप्प बसायचं शिकवायला मधी येऊ नकोस. फोन मी उचलणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई.