ओढ्यातला प्लॉट

दाजी,

फौजेतून आलो तवा तुमीच म्हणले, "वैजनाथ, आपल्या प्लॉटिंगच्या धंद्यात ये." अन् वर्दीतला माझा फोटो औसा रोडच्या बोर्डावर चढवला.

काल लोह्याहून सुकन्यावहिनी आल्या. माझ्या शेजारी गोळी लागून गेलेल्या जोडीदाराची बायको. म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा फोटो बघून आले." अन् तुमी त्यांना बुजवलेल्या ओढ्यातला प्लॉट दाखवाय लागले! पावसात तिथं पाणी भरतं, हे खरं मी सांगितलं, तर तुमी सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडले, "फौजीला धंदा काय कळतो?"

बोर्ड मी फाडलाय. हे पत्र टाकत न्हाई. अक्काच्या हाती पडलं तर लई रडंल. पण उद्या गिऱ्हाईक आणून बघाच. मी त्या ओढ्यात उभा हाय.

अक्काचा भाऊ, तुमचा कुणीच न्हाई,
हवालदार वैजनाथ