छोट्या लॅपटॉपचा चार्जर

चि. सूनबाई,

रुसव्याला घरात जागा असावी. परंतु आजारपण आले की त्याने उंबऱ्याबाहेर थांबावे.

मी इस्पितळातून धावत आलो. तुझ्या छोट्या लॅपटॉपचा चार्जर कुठेच सापडेना, गादीखालीसुद्धा पाहिले. माहेरी नेलेल्या तुझ्या पिशवीत असेल, तर असशील तशीच इस्पितळात ये.

तुझ्या सासूबाईंचा आवाज गेला आहे, लेखणी बोटांत ठरत नाही. ज्या लॅपटॉपला त्या ‘खेळणे’ म्हणून हिणवीत, त्यावरच सकाळपासून एका बोटाने तुला काही लिहीत आहेत. मी डोकावलो, तर झाकण मिटून घेतले! बॅटरी संपत आली आहे आणि दुपारी त्यांना शस्त्रक्रियेला नेतील.

चार्जर नसला तरी ये, बाळ.

तुम्हा दोघींना एकमेकींचे शब्द लाभोत.

— मामंजी