आत्याचा ट्रंक कॉल

११ जानेवारी

निधीचा अर्ज पुन्हा परत आला. दाढीवाले — म्हणजे आमच्या संशोधनाचे परदेशातले प्रमुख — व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "सगळं नीट आहे, पण यात जीव नाही." तीन देश, तीन विद्यापीठं. जुन्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये काम केलेल्या बायकांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, लिहून काढायच्या आणि जगात कुणालाही शोधता येतील अशा इंटरनेटवर ठेवायच्या. निधी मिळाला तर आमच्या विभागातल्या दोघींची नोकरी टिकेल. त्यातली एक मी.

आमच्या वाट्याच्या मुलाखती मीच घेतल्यात. सगळ्यांत एकच रडगाणं: पाळ्या, खुर्च्या आणि खडूस सुपरवायझर. मी कॉलवर नुसती मान हलवत राहिले.

१४ जानेवारी

आत्याकडे गेले. जन्मभर एक्सचेंजमध्ये नोकरी केली तिनं. तिला आजवर विचारलंच नव्हतं. घरचं माणूस, म्हणून राहून गेलं.

आधी म्हणाली, "मी काय सांगणार? नंबर जोडायचा नि गप्प बसायचं." तासभर हेच चाललं. शेवटी मी वायर गुंडाळायला घेतली. ती चहा करायला उठली, कप घेऊन आली आणि म्हणाली, "बरं, लाव ते यंत्र."

मग सांगितलं. परमुलखात एकटी राहणारी एक गरोदर नर्स दर रविवारी आईला ट्रंक कॉल लावायची. एका रविवारी पलीकडून शेजारीण म्हणाली, म्हातारी परवाच गेली. आत्यानं ती लाइन तोडली आणि नर्सशी स्वतःच बोलली. आई होऊन. "बोल गं, जेवलीस का?" लाइनवर इतकी खरखर, की पोरीला कळलं नाही. बाळंतपण होईपर्यंत आत्या दर रविवारी तिची आई होत राहिली.

माझे डोळे भरून आले.

यंत्र बंद केल्यावर म्हणाली, "हे तुझ्यापुरतंच हं. कुणाला ऐकवायचं नाही." मी तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं.

२० जानेवारी

अर्जासोबत आत्याचं रेकॉर्डिंग पाठवलं. नाव काढलंय. आवाज तसाच आहे.

२१ जानेवारी

नाव काढलं म्हणजे झालं, असं स्वतःला दिवसभर समजावलं. पटलं नाही.

३ मार्च

निवड समितीसमोर व्हिडिओवर तोंडी परीक्षा. आम्ही काय बोललो ते कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. आत्याचा आवाज लावला आणि खाली तिच्या बोलण्याचं भाषांतर सरकू लागलं. एका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. दाढीवाल्यांनी मला 'छान' म्हणून हळूच अंगठा वर केला. मी कॅमेऱ्यापासून तोंड फिरवलं.

९ मार्च

मिळाला निधी! विभागात टाळ्या. बाबांनी सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. आत्या तर संध्याकाळी घरीच आली. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "माझं ते नाही ना घेतलंस कुठं?"

"नाही गं आत्या."

किती सहज निघालं तोंडातून.

१७ मार्च

निधी देणाऱ्या संस्थेनं तो तुकडा त्यांच्या संकेतस्थळावर टाकला. मला विचारलंसुद्धा नाही. पण मी तरी आत्याला कुठं विचारलं होतं? दाढीवाल्यांना म्हटलं, काढायला सांगा. ते म्हणाले, "का? परवानगी आहे ना तुमच्याकडे?" मी "आहे" म्हणाले. आणखी एक खोटं.

१९ मार्च

एका अनोळखी बाईची मेल. 'माझी आई नर्स होती. मी पोटात असताना परगावी एकटी होती. आजी गेल्याचं तिला माझ्या जन्मानंतर कळलं. ती फोनवर बोलली होती तरी कुणाशी, या कोड्यातच आई गेली. त्या ऑपरेटरबाई हयात असतील तर मला एकदा भेटवा. त्यांचा हात हातात घ्यायचा आहे.'

पुन्हा पुन्हा वाचली. आता लपवणं शक्य नाही.

२१ मार्च

आत्याकडे जाऊन सगळं ओकून टाकलं. समितीपुढे लावलं ते, संकेतस्थळ, 'नाही गं' म्हणाले ते. वाटलं, दोन थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

रागावली नाही. पांढरीफटक पडली. "ती मेल परत वाच." वाचली. मग म्हणाली, "तू जा आता."

दारापर्यंतही आली नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं. दोन महिने तिच्या काळजातली गोष्ट बाजारात मांडून मी मिरवत होते.

२२ मार्च

सकाळी आत्याचा फोन. आवाज बसलेला.

"अगं, तसलं काही घडलंच नव्हतं. तू इतक्या आशेनं आलीस आणि तोंड पाडून निघालीस, ते बघवेना मला. चहा उकळेपर्यंत जुळवलं झालं. म्हणून तर म्हटलं, कुणाला ऐकवू नको."

मी ती मेल पुन्हा उघडली.

"त्या पोरीला काय सांगणार आहेस?" तिनं विचारलं.

"खरं."

"माझ्या नावानिशी सांग."

दाढीवाल्यांना दुपारी कळवेन. आधी त्या बाईंना लिहायला बसले आहे. 'प्रिय' एवढंच लिहून झालंय.