रंजनाचं म्हणणं

१० नोव्हें., सोम.
दिवाळीची सुट्टी संपली. नववी ब च्या एक्केचाळीस वह्या घरी आणल्या होत्या, आज पहाटे एकदाच्या हातावेगळ्या केल्या. विषय ‘मोबाईल : शाप की वरदान’. एक्केचाळीस जणांनी लिहिलंय, ‘मोबाईल हा शापही आहे आणि वरदानही आहे.’ शेवटही सगळ्यांचा एकच, ‘म्हणून मोबाईलचा वापर जपून करावा.’ सगळं गाईडमधलं. एकाने तर मजकुराच्या मध्येच ‘८४’ लिहिलंय. गाईडचा पान नंबर!
सतरा वर्षं मराठी शिकवतेय. निबंध लिहितात सगळे, पण कुणाचं काही म्हणणंच नसतं.

१२ नोव्हें., बुध.
आज गाईड बंद, पुस्तक बंद. फळ्यावर दोनच शब्द: विषय, विधान. ‘पाणी’ हा विषय. पाण्याबद्दल तुझं जे म्हणणं असेल ते विधान. निबंधाचा कणा ते. बाकी सगळं त्याला धरून यायला पाहिजे.
चाळीस मिनिटं बोलले. मग विचारलं, ‘आटगावला रेल्वे स्टेशन आहे’ हे विधान आहे का?
सगळे एका सुरात: हो मॅडम.
का?
‘आहेच ना स्टेशन.’
डोकं धरून बसले. मग सुचलं ते सांगितलं. जे ऐकून समोरचा ‘नाय’ म्हणू शकतो, ते विधान. स्टेशन नाही असं कोण म्हणेल? पण ‘आटगावला राहण्यापेक्षा शहापूरला राहिलेलं बरं’ म्हटलं तर भांडण होईल. झालंच. पाच मिनिटं नुसता गोंगाट. बरं वाटलं जरा. तेवढ्यात घंटा.

१३ नोव्हें., गुरु.
स्टाफरूममध्ये पाटीलसर (इतिहास) चहा ओतता ओतता म्हणाले, ‘मॅडम, कशाला डोकं फोडता? गाईडमधलं लिहिलं तरी पेपर तपासणारा मार्क देतो. स्वतःचं लिहिलं तर तपासणारा गोंधळतो.’
खोटं नाही. म्हणूनच जास्त राग आला.

१८ नोव्हें., मंगळ.
गृहपाठ दिला होता: शाळेत एक गोष्ट बदलायची असेल तर कोणती? एकच वाक्य. समोरचा नाय म्हणू शकेल असं.
आलेली वाक्यं: शाळेत स्वच्छता असावी (१४ जण). झाडे लावावीत (९). शिस्त असावी (६). याला नाय कोण म्हणणार? आठवडा पाण्यात.
एक वेगळं. रंजना वारघडे, मागच्या बाकावर बसते, वाडीवरची. जूनपासून तिचा आवाज मी हजेरीशिवाय ऐकलेला नाही. तिने लिहिलंय: ‘जादा तास बंद झाला पाहिजे.’
जादा तास म्हणजे माझा. साडेचारला शाळा सुटल्यावर सव्वापाचपर्यंत, नववी-दहावीला लेखन. जूनमध्ये मी स्वतःहून सुरू केला. कुणी सांगितलं नव्हतं.
वहीत लाल पेनाने लिहिलं, ‘कारणे दे.’ अक्षर जरा जोरातच उमटलं. मागच्या पानावर ठसा दिसतोय.

१९ नोव्हें., बुध.
तिला बोलावून विचारलं, ‘तास बंद केला तर परीक्षेत लिहिशील काय?’
पायाच्या अंगठ्याने फरशी घासत उभी. मग खाली बघूनच:
‘मॅडम, तुमीच म्हनालात ना, समोरचा नाय म्हनू शकतो तेच लिव्हायचं. मी लिव्हलं. तुमी नाय म्हना.’
उद्धट म्हणावं तर तसा सूरही नव्हता. दिवसभर चिडचिड. घरी ह्यांना सांगितलं तर हसले. म्हणाले, ‘शिकवलंस ना तू, मग?’ मला हसू आलं नाही.

२१ नोव्हें., शुक्र.
कारणं आली. दीड पान. लेखन अशुद्ध, पण एक शब्द फुकट नाही. जसंच्या तसं उतरवून घेते:
‘आमची यष्टी फाट्यावर चार पन्नासला येते. नंतरची साडेसातला. तास सव्वापाचला सुटतो. मंग आमी चालत जातो. पावसाल्यात उजेड असतो. आता नसतो. वाडीतल्या आमी सात मुली. जूनमधी आठ होतो.’
शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. आठवी कोण? विचारायला हवं होतं. पण सहामाहीचे गुण भरायचे होते, राहून गेलं.
खरं लिहायचं तर राहून गेलं नाही, टाळलं.

२४ नोव्हें., सोम.
भित्तिपत्रकावर चार लेख लावले. रंजनाचा मध्ये. मनाला लागलं होतं, तरी लावला. चांगलं लिहिलंय ते चांगलंच.
मधल्या सुट्टीत पोरं भित्तिपत्रकासमोर गर्दी करून. असं मी या शाळेत पाहिलं नव्हतं. शाळेशेजारच्या गल्लीतली स्नेहल भोईर तिथेच फणफणली, ‘हिच्या यष्टीसाठी आमचा तास कशाला घालवायचा?’ म्हटलं, लिही. रडवेल्या तोंडाने वही काढून बसली.

२५ नोव्हें., मंगळ.
स्नेहलने लिहून आणलं: ‘जादा तास चालू राहिला पाहिजे.’ कारण: आई-पप्पा दोघंही कामाला, पप्पांना रोज ठाण्याला जाऊन यायचं असतं. घरी विचारायला कुणी नाही, क्लास लावणं जमत नाही, हा एकच तास आहे. तिचंही खरं. दोन पोरी, दोन विधानं, दोन्हींना कारणं आहेत. जे वर्षभर व्हावं म्हणून धडपडले ते झालं. आणि आता मी मध्ये अडकले.
दुपारी हेडसरांनी बोलावलं.
‘तो कागद काढा.’
का?
‘पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. जादा तास आपण अहवालात दाखवलाय, आणि भिंतीवर पोरगी लिहिते बंद करा? कसं दिसतं?’
म्हटलं, सर, पण तिने मुद्देसूद लिहिलंय.
‘मुद्देसूद लिहिलंय म्हणून तर काढा.’
काढला. मीच काढला, माझ्या हाताने. शिपाई काढणार होता, त्याला नको म्हटलं, म्हणजे फाटू नये. एवढाच काय तो माझा पराक्रम.

२७ नोव्हें., गुरु.
रंजनाने आज नवा निबंध दिला. न मागता. ‘झाडे लावा, झाडे जगवा.’ सुवाच्य अक्षर. सुरुवातीला सुविचार, शेवटी ‘म्हणून आपण सर्वांनी’. गाईड. पाटीलसर दहापैकी नऊ देतील.
वही तशीच बंद केली. शेराही लिहवला नाही. सहा महिन्यांत एक पोर बोललं, आणि तीन दिवसांत मी तिला परत गप्प केलं.

२८ नोव्हें., शुक्र.
तास सुटल्यावर रोज मी स्कूटीला किक मारते आणि डावीकडे सापगावच्या रस्त्याला लागते. वाडीच्या मुली उजवीकडे जातात. आज स्कूटी शाळेतच ठेवली. म्हटलं, येते तुमच्याबरोबर.
एकमेकींकडे बघितलं. रंजना म्हणाली, ‘कशाला मॅडम, पाय दुखतील.’
पाच वीसला निघालो. फाट्यापर्यंत डांबर. मग कच्चा रस्ता, कापलेली भातखाचरं, पुढे साग. सहाला ओहोळापाशी. तिथून पुढे काही दिसेना. मी मोबाईलचा दिवा लावला तर एकजण म्हणाली, ‘बंद करा, लांबून दिसतं.’
कुणाला दिसतं?
हळूहळू कळलं, एकीने अर्धं सांगायचं, दुसरीने उरलेलं. गणपतीनंतर दोघंजण मोटारसायकलवर येऊन ओहोळापाशी थांबायला लागले. नुसते थांबायचे. बोलायचे काहीबाही. एक दिवस मंगलची ओढणी ओढली. मुली दगड घेऊन उभ्या राहिल्या तेव्हा गेले. मंगलने घरी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद. बाकीच्यांनी घरी सांगितलंच नाही. सांगितलं तर त्यांचीही बंद.
आठवी मंगल.
मंगलच्या नावापुढे हजेरीपत्रकात मी काय लिहिलंय ते मला पाठ आहे. ‘सतत गैरहजर. कारण : कुटुंबाचे स्थलांतर.’ कुणाला विचारलं नव्हतं. वाडीतली पोरं दिवाळीच्या सुमारास गळतात, ती आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात, म्हणून ठोकून दिलं. पोरांना सांगते, कारणे दे.
पावणेसातला वाडीत. रंजनाचे वडील मोटारसायकलवरून मला शाळेपर्यंत सोडायला आले. मी उतरताना म्हणाले, ‘आज तुमी व्हतात म्हनून पोरी हसत आल्या.’

१ डिसें., सोम.
तास बंद केला. वर्गात सांगितलं, आजपासून साडेचारला सुटायचं.
वाडीच्या मुली उठून पळाल्या, यष्टी गाठायची म्हणून. रंजना दारात थांबली, वळून माझ्याकडे बघितलं. मग गेली. स्नेहल बाकावरच बसून राहिली. म्हणाली, ‘म्हणजे ती जिंकली.’
म्हटलं, ही शर्यत नाही गं. पण तिला काय द्यायचं ते माझ्याकडे नव्हतं.
हेडसरांना ओहोळाचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. चेहरा उतरला त्यांचा, ते खोटं लिहिणार नाही. म्हणाले, सरपंचांशी बोलतो, पोलीस पाटलांनाही सांगतो. मग म्हणाले, ‘पण तपासणीपर्यंत तास चालू ठेवा. दोन-चार दिवसांचा प्रश्न.’
नाही म्हटलं.

३ डिसें., बुध.
रंजनाला घेऊन चार पन्नासच्या यष्टीने वाडीत. मंगलच्या घरी. मंगल अंगणात भात पाखडत होती. मला बघून सूप ठेवलं आणि आत गेली. परत बाहेर आलीच नाही.
तिची आई बोलली. ओरडली नाही, शांतपणे बोलली, ते जास्त लागलं.
‘शिकू दे गो. मना काय नको हाय का? पन मॅडम, काळोखात पोरीला काय झाला त कोन येनार? तुमी येनार?’
म्हटलं, आता तास बंद केलाय. चार पन्नासच्या गाडीने घरी.
‘आज बंद. उद्या दुसरा सर चालू करील. तुमी लिव्हून देता?’
लिहून काय देणार मी? कोणत्या अधिकाराने? बाईने चहा दिला, कोरा, गुळाचा. प्यायले. आमच्या दोघींच्या मध्ये रंजना बसली होती, जमिनीकडे बघत.

९ डिसें., मंगळ.
तपासणी झाली. अहवालात जादा तास, प्रत्यक्षात नाही. साहेबांनी विचारलं, हेडसर माझ्याकडे बघत राहिले. आज हेडसरांच्या सहीचं लेखी पत्र हातात पडलं. पूर्वपरवानगीशिवाय जादा तास बंद केल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा.
सतरा वर्षांतला पहिला खुलासा. पाटीलसर म्हणाले, ‘माफी मागून टाका, विषय संपेल.’ त्यांनी काळजीनेच म्हटलं.
स्नेहलची आईही आली होती शाळेत. दहावी तोंडावर आली, आमच्या पोरांनी काय करायचं? तिलाही उत्तर द्यायचंय.

११ डिसें., गुरु.
खुलासा लिहायला बसले. पहिला कागद: ‘आपल्या बहुमोल मार्गदर्शनाखाली शाळेची सर्वांगीण प्रगती होत असून…’ दोन परिच्छेद झाले तरी मुद्दाच नाही. फाडला. दुसरा: ‘विद्यार्थिनींच्या काही अडचणी लक्षात घेता…’ कसल्या अडचणी? कुणाच्या? फाडला. एक्केचाळीस पोरांवर वर्षभर ओरडतेय ती मी. मला एक सरळ वाक्य लिहिता येईना, आणि भीती कशाची ते मला चांगलं ठाऊक होतं.
तिसऱ्या कागदावर: ‘संध्याकाळचा जादा तास मी यापुढे घेणार नाही.’ मग यष्टीची वेळ, अंधार, ओहोळ, मंगल. हजेरीपत्रकात मंगलचं कारण मी चौकशी न करता लिहिलं, तेही. शेवटी स्नेहलसाठी: शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दीड तास घेईन, वाडीच्या मुलींना दीडची यष्टी मिळते. एक पान पुरलं.

१२ डिसें., शुक्र.
दिला. हेडसरांनी उभ्याउभ्या वाचला. मग खुर्चीत बसून परत वाचला.
‘हजेरीपत्रकाचं कशाला लिहिलंत? ते कुणी विचारलं होतं का?’
नव्हतं.
‘सोमवारी संस्थेचे लोक येतायत. हे त्यांच्यासमोर ठेवावं लागेल. मी तुमच्या बाजूने बोलेन असं समजू नका.’ मग, ‘विरुद्धही बोलणार नाही.’


१३ डिसें., शनि.
आज पहिला शनिवारचा तास. परवानगी नाही, तरी घेतला. एकोणीस जण. स्नेहल आली, पुढच्या बाकावर, माझ्याशी अजून बोलत नाही. तिच्या आईचा निरोप: आठवड्यातून एकदा पुरणार नाही. बरोबरच आहे, पुरणार नाही.
रंजना आली. तिने वहीत एक वाक्य लिहून दाखवलं, ‘वाडीच्या रस्त्याला ओहोळापर्यंत दिवे पाहिजेत.’ खाली कारणांसाठी जागा सोडलेली. म्हटलं, कारणं? ‘लिव्हते मॅडम, मोजायचंय अजून. खांब किती लागतील ते.’
मंगल नाही आली. रंजनाला विचारलं.
‘तिची आई म्हनली, सोमवारी तुमच्या मॅडमचं काय व्हतंय ते बघू आदी.’